टाकीतला बिल्ला

ऑन्टॅरिओतल्या निकेलच्या एका खाणीत, जमिनीखाली दोन किलोमीटरवर, रेइनो हाकाला प्रयोगशाळेची फरशी पुसायचा. जन्मभर दगड फोडले आणि म्हातारपणी धूळ पुसायची वेळ आली, असं म्हणून तो स्वतःच हसायचा. इथे धुळीचं सोवळं कडक. आंघोळ करून धुतलेले कपडे चढवल्याशिवाय आत पाऊल टाकायची सोय नाही.

त्या दिवशी मात्र तो हसत नव्हता. ओदिल ही तिथली तरुण शास्त्रज्ञ डोक्याला हात लावून बसली होती. सूर्याकडून येणारे कण प्रयोगशाळेतल्या मोठ्या टाकीतल्या द्रवात अधूनमधून चमक उठवतात, ती वर्षभर या चमका टिपत होती. तीन आठवड्यांपासून त्या भलत्याच वाढल्या होत्या.

"आत कुठेतरी घाण आहे," ती म्हणाली. "कारण सापडलं नाही तर वर्षाचं काम पाण्यात."

घाण कुठे आहे ते रेइनोला ठाऊक होतं.

खाली उतरताना खाणीतला प्रत्येक जण फळ्यावरचा आपला नंबर कोरलेला पितळी बिल्ला बरोबर घेतो, वर आला की परत टांगतो. एकोणीस वर्षांपूर्वीच्या जानेवारीत त्याचा धाकटा भाऊ आर्वो याच खाणीत दरडीखाली गेला. थंडीतली पाळी, उजाडण्याआधी खाली, मावळल्यावर वर. त्याआधीचे सहा दिवस पोराने सूर्य पाहिला नव्हता. त्याच्या अंगावर सापडलेला बिल्ला परत फळ्यावर टांगायला रेइनोचा हात धजावला नाही, तो खिशातच राहिला. तीन आठवड्यांपूर्वी दुरुस्तीला टाकी उघडली, तेव्हा त्याने तो झाकणाच्या आतून अडकवला होता.

"बाईसाहेब, घाण मीच टाकलीय," तो म्हणाला आणि सगळं सांगून मोकळा झाला.

"वेड लागलं होतं का तुम्हाला? अहो, खाणीच्या मातीतूनही किरणं सुटतात, त्यांच्याही चमका उठतात. त्या आकड्यांच्या खाचेतली चिमूटभर माती सूर्याला भारी पडते इथे!"

"काढून टाका मला. पण तूच म्हणाली होतीस ना पोरी, सूर्य या टाकीत दिसतो म्हणून? भाऊ अंधारात गेला गं. त्याला थोडं ऊन मिळावं, एवढंच..."

ओदिलचा राग कुठल्या कुठे गेला.

"रेइनो, ऐका. सूर्याच्या पोटात हायड्रोजनचे चार-चार कण जुळून हेलियमचा एक होतो. सेकंदाला साठ कोटी टन हायड्रोजन! जुळताना थोडं वजन हरवतं, त्याचंच ऊन होतं. ते ऊन सूर्यातून बाहेर पडायलाच हजारो वर्षं घेतं. पण त्याच घडामोडीत सुटलेले हे कण आठ मिनिटांत इथे. दगड, डोंगर, माणूस, काही आडवं येत नाही त्यांना. तुमच्या अंगठ्याच्या नखातून सेकंदाला सहा हजार कोटी आरपार जातायत. टाकी चुकून एखादा पकडते, बस."

रेइनोने नखाकडे पाहिलं. "आत्ता?"

"आत्ता. रात्रीसुद्धा, पृथ्वीतून आरपार, पायांकडून."

"आणि दरडीखाली?"

"दरडीखालीसुद्धा. शेवटच्या श्वासापर्यंत. त्यानंतरही."

एकोणीस वर्षांत रेइनो आर्वोसाठी रडला नव्हता. आता त्या लख्ख फरशीवर बसून तो लहान मुलासारखा रडला. ओदिल शेजारी बसून राहिली.

"हे तीन आठवडे गाळले की वर्ष वाचतंय," ती शेवटी म्हणाली. "आधी बिल्ला काढू, तुमचं मग बघू."

रेइनोने बाहीने डोळे पुसले आणि झाकण उघडायला पाना घेऊन तो स्वतःच उठला.