राधाच्या कागदावरचा डाग

बकुळाने तीन महिन्यांच्या राधाला मांडीवर घट्ट धरलं होतं. शेजारी तिचा थोरला, पाच वर्षांचा रघु डुलत बसला होता. तो अजून एक शब्दही बोलला नव्हता. महिन्यापूर्वी परळच्या आमच्या प्रयोगशाळेत त्याचं रक्त तपासलं, तेव्हा त्यात फिनिलॲलॅनिन हे अमिनो आम्ल भलतंच वाढलेलं निघालं. ते शरीरात मोडत नाही, साचतं, आणि मेंदू नीट वाढत नाही. रघुला उशीर झाला होता. हा दोष भावंडांतही असू शकतो; राधाचं काय, एवढंच बकुळाला कळायला हवं होतं.

राधाच्या रक्तातला वरचा पिवळसर प्लाझ्मा मी वेगळा केला. प्रथिनं काढून त्याचा एक थेंब गाळणकागदावर ठेवला, शेजारी शुद्ध फिनिलॲलॅनिनचा. काचेच्या पेटीत टांगलेल्या कागदावरून द्रावण सोळा तास उतरत राहिलं.

सकाळी कागद काढताना लालबागच्या बाजूने गोळीबार ऐकू आला. छप्पनचा जानेवारी होता. संयुक्त महाराष्ट्रासाठी गिरणगाव रस्त्यावर होतं. मी दचकले, चिमटा सुटला आणि कागद पडू नये म्हणून तो बोटांनीच धरला.

अमिनो आम्लांना जांभळा रंग देणारं निनहायड्रिन फवारून कागद तापवला. जांभळे डाग उमटले. शुद्ध थेंबाचा डाग जितका खाली आला होता, तितक्याच खाली राधाच्या रांगेत एक मोठा, गडद डाग होता.

"सर, माझा हात लागलाय," मी प्रयोगशाळेच्या प्रमुखांना, कमलाकांत सरांना सांगितलं. घामातही अमिनो आम्लं असतात. बोट लागेल तिथे जांभळं उमटतं.

"अंगठा उठवायला हा काय सातबारा आहे, सुमतीबाई?" मग त्यांनी डाग पाहिला आणि आवाज उतरला. "भिंग घ्या. बोट असेल तर रेषा दिसतील."

चूक माझीच निघावी, असं मला पहिल्यांदाच मनापासून वाटत होतं. कडेला माझा अंगठा सापडला, रेषांसकट. राधाच्या रांगेतल्या त्या गडद डागात एकही रेषा नव्हती.

"पुन्हा लावा," सर म्हणाले. "एका कागदावर कुणाचं ठरवायचं नाही."

उरलेल्या प्लाझ्माचा दुसरा कागद लावला. या वेळी चिमटा सुटला नाही. डाग तिथेच आला.

संचारबंदी सैल झाली तशी बकुळा राधाला घेऊन लालबागहून चालत आली.

"सांगा, बाई."

"रघुसारखंच आहे."

"दूध तर माझंच पितेय ती. म्हंजे माझ्याच दुधात खोट?"

"दुधात नाही. त्यातलं एक द्रव्य तिला पेलत नाही. म्हणून दूध काढून, मोजूनच द्यायचं. बाकीची भूक भागवायला त्या द्रव्याशिवायचं दूध सर इथे बनवून बघताहेत."

आतल्या टेबलावर सर दुधाची प्रथिनं फोडून केलेलं पाणी कोळशातून गाळत होते. फिनिलॲलॅनिन कोळशात अडकावं, बाकीचं खाली यावं. जमेल की नाही, त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"हिला उशीर नाय ना झाला?"

"रघुपेक्षा पुष्कळ लवकर आहे," मी म्हणाले. त्यापुढचं मला माहीत नव्हतं.

"किती द्यायचं, दाखवा."

मी मोजपात्रात एका खुणेपर्यंत पाणी ओतलं. बकुळाने खाली वाकून त्या खुणेवर अंगठ्याचं नख टेकवलं.

"हितवर?"

"इथवरच."

तिने बोट काढलं नाही.