एकच फटका

माझ्या सख्ख्या धाकट्या भावाच्या तोंडावर मी रबरी नळी मारली, आणि मारताना मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? ओठ फुटून रक्त हनुवटीपर्यंत आलं, तेव्हा आणखी एक हाणावीशी वाटली, आणि हाणलीही. मी बावन्न वर्षांची, लहान मुलांसाठी पुस्तकं लिहिणारी बाई. शाळांमध्ये मला पाहुणी म्हणून बोलावतात. मुलं सह्या घ्यायला अंगावर येतात.

तेवीस पुस्तकं आहेत माझी. ज्वालामुखी, पूल, हाडं असे काही माहितीचे विषय, बाकी सगळी चरित्रं. पुस्तकात चूक निघाली तर माझं डोकं फिरतं. एका पुलाचा एक खांब कमी छापला गेला, तेव्हा मी प्रकाशकाला इतकं फैलावर घेतलं की तो महिनाभर माझा फोन उचलत नव्हता. अशी मी काटेकोर! आणि नेमकी मगरच्या चरित्रात शेण खाल्लं.

मगर म्हणजे तो पोहणारा, एका दमात सामुद्रधुनी ओलांडलेला. खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवून सांगावं लागायचं. त्याच्या घरी मी सहा दुपारी बसले. पाण्याचं तापमान, लाटांची उंची, तास, मिनिटं, सगळं दोन-दोनदा ताडून घेतलं. पाचव्या दुपारी त्याने बापाचं सांगितलं. दोन वर्षं बाप त्याला तलावाच्या काठावर रोज नळीने बडवत होता. आधी तो हसत हसत सांगत होता. मग हसायचं थांबला, पण बोलायचं थांबला नाही. मी सगळं रेकॉर्ड केलं.

संपादिका म्हणाली, "अगं, आठ-नऊ वर्षांच्या मुलांना हे वाचायला देणार? पालक पुस्तक तोंडावर फेकतील आपल्या."

तिच्या नावाने बोटं मोडण्यात अर्थ नाही, मलाही ते पटलंच की. आमच्या कामात दर दोन पानांनी एक घडवणारा प्रसंग लागतो. इथे नायक पडला, इथे उठला, इथे त्याला अक्कल आली. दोन वर्षांची मारहाण म्हणजे प्रसंग नव्हे. ती मी एका फटक्यात बसवली. एकतिसाव्या पानावर लिहिलं, 'वडिलांनी नळीचा एकच फटका दिला. त्या दिवसापासून त्याने कंटाळा हा शब्द कधी उच्चारला नाही.' शेजारी चित्रकाराने मिशीवाला बाप काढला आणि पाण्यात उडी घेणारा हसरा मुलगा. दीड वर्षात सात आवृत्त्या निघाल्या. पहिली हातात पडायच्या आधीच मगर गेला, त्यामुळे हे काय लिहिलंस म्हणून विचारणारं कोणी उरलं नाही.

गेल्या आठवड्यात भावजयीचा फोन आला. "ताई, एकदा सकाळी तलावावर या."

"का गं? काय झालं?"

"या म्हणजे झालं. आणि मी बोलावलं म्हणून सांगू नका." तिने फोन ठेवूनच दिला.

भाऊ लिफ्ट दुरुस्त करतो. अकरा वर्षांच्या लेकीला स्वतः पोहायला शिकवतो, रोज सकाळी कामावर जायच्या आधी. मला त्याचं केवढं कौतुक! चारचौघांत सांगत फिरायचे मी.

सात वाजता तलावावर पोचले. ऊन फरशीवर आलं होतं. दोन पालक बाकावर चहा पीत बसले होते. भाऊ काठावर उभा होता, एका हातात घड्याळ, दुसऱ्या हातात हातभर रबरी नळी. भाची पोहत आली, तिने कठडा धरला.

"चार सेकंद जास्त," तो म्हणाला.

पोरीने पाठ वळवली. त्याने वाकून नळी हाणली. ओल्या कातडीवर असा आवाज आला की माझे दात शिवशिवले. ती ओरडली नाही. नुसती मान आत घेतली आणि दुसऱ्या फटक्याची वाट बघत राहिली. बाकावरच्या बाईने चहात फुंकर मारली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. धावत जाऊन मी नळी हिसकावली आणि पुढचं सांगितलंच आहे. पोरीला मारत होता तेव्हा बसून राहिलेले ते दोघं आता मात्र धावत आले. "अहो बाई, वेड लागलंय का तुम्हाला?" म्हणे!

"ताई, तू मध्ये पडू नकोस," भाऊ रक्त थुंकत म्हणाला. "तुझंच तर सगळं करतोय मी."

"माझं?"

त्याने पिशवीतून पुस्तक काढलं. पाण्याने भिजू नये म्हणून एकतिसावं पान प्लास्टिकमध्ये घातलं होतं. "तूच लिहिलंयस ना? आपल्या बाबांनी आपल्याला कधी बोट लावलं नाही. त्याचं फळ काय? मी रोज लिफ्टच्या खड्ड्यात उतरून ग्रीस पुसतो. हिला नाही उतरू देणार."

आमचे बाबा गरीब गाय होते. त्यांच्याकडून हा मारायला शिकला नव्हता. तो माझ्याकडून शिकला होता. मला ते सहन होईना. मी किंचाळत पुन्हा नळी उगारली. त्याने मला ढकललं, ओल्या फरशीवर मी उजव्या मनगटावर पडले, आणि आत काहीतरी काडकन मोडलं.

डोळ्यांपुढे अंधारी आली. एवढ्यात भाची पाण्याबाहेर आली. मला वाटलं, बिचारी माझ्याकडे येतेय. ती थेट बापासमोर जाऊन पाठमोरी उभी राहिली, कुडकुडत.

"आत्याकडे लक्ष नको देऊस, बाबा. अजून तीन राहिलेत ना? मार पटकन, थंडी वाजतेय."

हाड मोडल्यावर मी रडले नव्हते. तेव्हा मात्र हमसून हमसून रडले.

भावानेच मला आणि पोरीला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. वाटेत दहादा म्हणाला, "ताई, दुखतंय का गं फार?" वाईट माणूस नाही हो तो, तेच तर. गाडी लावायला जागा शोधत तो बाहेर थांबला आणि आम्ही दोघी आत गेलो. पोरीच्या अंगावर टॉवेल होता. डॉक्टरीणबाईंनी माझा हात पाहिला, मग टॉवेल बाजूला करून तिची पाठ पाहिली. जुने हिरवट वळ, त्यांवर जांभळे, त्यांवर आजचा लाल.

"कोणी मारलं, बाळा?"

"कोणी नाही. मला घडवतायत."

मी बाईंच्या कानात तलावावरचं सगळं सांगितलं. त्या हळूच म्हणाल्या, "नुसतं तुमच्या सांगण्यावर भावाबहिणीचं भांडण म्हणतील. तिने स्वतः सांगितलं तर मी आत्ताच्या आत्ता पोलिसांना कळवते, आज तिला घरी पाठवत नाही. नाहीतर तो आत येऊन म्हणेल काठावर पडली, आणि पुन्हा घेऊन जाईल."

गाडी लावायला किती वेळ लागतो? मी पोरीसमोर बसले. तेवीस पुस्तकं लिहिली, पण एका मुलाशी खरं बोलताना माझी बोबडी वळली.

"मगरला एक फटका बसला नव्हता," मी म्हटलं. "दोन वर्षं रोज बसत होते. बाप त्याचं डोकं पाण्याखाली दाबून ठेवायचा. त्याला चड्डीत व्हायचं. एकदा त्याची बरगडी मोडली, तरी दुसऱ्या दिवशी पाण्यात ढकलला. मी खोटं लिहिलं."

"का?"

"घाबरले. खरं लिहिलं तर पुस्तक कोणी घेणार नाही असं वाटलं."

ती मला असं न्याहाळत होती, जसं सुटे पैसे कमी मिळाल्यावर माणसं दुकानदाराला न्याहाळतात. "मग तो एवढं पोहला कसा?"

"पाण्यात असला की फटका कमी लागायचा, म्हणून बाहेरच यायचा नाही. आणि सामुद्रधुनी का ओलांडली विचारलं, तर म्हणाला, पलीकडच्या काठावर बाप नव्हता."

बाहेर गाडीचं दार आपटलं. भावाच्या चपला पायऱ्यांवर वाजायला लागल्या.

"आमच्या तलावात तसं नाही होत," ती म्हणाली. "मी कितीही जोरात गेले ना, तरी बाबा काठाकाठाने चालत येतो. पलीकडे माझ्याआधी पोचलेला असतो."

डॉक्टरीणबाईंनी उठून दाराला आतून कडी लावली. परत येऊन पेन उचललं. "बाबा नळीने मारतो?"

"हो."

"कधीपासून?"

भाऊ दार ठोठावत होता. पोरीने दाराकडे पाहिलं नाही, बाईंकडेही नाही. माझ्याकडेच बघत होती.

"आत्याने वाढदिवसाला पुस्तक दिलं ना, तेव्हापासून."

बाईंनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं, आणि साक्षीदार म्हणून खाली माझी सही मागितली.