आरशातल्या बबड्या

बबडीची जिवाभावाची मैत्रीण लांबच्या शहरात राहायला गेली, त्याला दोन महिने झाले होते. पुढचे दोन दात जरा मोठे म्हणून त्या मैत्रिणीला सगळे खारू म्हणायचे. दर रविवारी दुपारी तिचा व्हिडिओ कॉल यायचा आणि दर रविवारी तेच व्हायचं.

"काय करतेस?"

"काही नाही. तू?"

"काही नाही."

मग दोघी नुसत्या एकमेकींकडे बघत बसायच्या. बबडीची आई पलीकडून खुणा करायची, शाळेचं सांग, गाणं म्हणून दाखव! त्यानं तर बबडीची दातखीळच बसायची. फोन ठेवला की ती उशीत तोंड खुपसायची. "ती विसरली मला."

बबडीच्या बाबाचं सलून होतं. घुम्यातला घुमा माणूसही खुर्चीत बसला, मानेभोवती कापड आलं, की घडाघडा बोलायला लागतो, हे तो वीस वर्षं बघत आला होता. त्यानं कधी कोणाला "बोला" म्हटलं नव्हतं. तो मागे उभा राहायचा, हात कामात, आणि नजर मिळालीच तर आरशात.

"या रविवारी तिला दुकानात नेतो," तो बायकोला म्हणाला.

दुपारचे दोन तास दुकान बंद असे. अर्ध्या ओढलेल्या शटरखालून ऊन आत येऊन फरशीवर पसरलं होतं. बाबानं बबडीला उंच खुर्चीत बसवलं, कापड बांधलं आणि फोन मागच्या भिंतीवरच्या आरशाखाली फळीवर, समोरच्या आरशाकडे तोंड करून ठेवला. केसांवर पाण्याचा फवारा मारून तो सावकाश कंगवा फिरवू लागला. फोन वाजला तसा त्यानं तो फळीवरच सुरू करून दिला आणि पुन्हा कंगवा हातात घेतला. आता आरशात बबडीच्या खांद्यामागे खारूचा इवलासा चेहरा दिसत होता.

पंखा कुरकुरत होता. बाबाची जीभ वळवळली, पण त्यानं ती आवरली.

"अगं बबडे," खारू एकदम ओरडली, "तू किती आहेस!"

समोरासमोरच्या दोन आरशांत बबड्यांची रांगच लागली होती.

"मोज ना!" बबडी म्हणाली.

"सात... आठ... नऊ. लांबच्या हिरव्या आहेत गं, पाण्यातल्यासारख्या."

"त्या कुठे चालल्यात?"

"इकडेच येत असतील. एकीला ठेवून घेऊ?"

बबडी खुदकन हसली. मग हिरव्या बबडीला कुठे झोपवायचं, तिला पोहता येतं का, असं काहीबाही सुरू झालं. बोलता बोलता खारूचा आवाज खाली आला. "इथे मी मधल्या सुट्टीत एकटीच डबा खाते."

बाबाचा हात थबकला. मग कंगवा पुन्हा फिरू लागला.

"मीपण," बबडी म्हणाली. "तुझी जागा कोणाला देतच नाही मी."

"वेडीच आहेस. दे की कोणाला तरी!"

"आणि तू आलीस की?"

"तेव्हा तिघी बसू. मीपण विचारते इथे एकीला. तिची वेणी गुडघ्यापर्यंत आहे."

"खोटं!"

"आईशप्पथ!"

शटरवर थाप पडली. बाबा वाकून हळूच म्हणाला, "अर्ध्या तासानं या हो, गिऱ्हाईक आहे आत." केस केव्हाच विंचरून झाले होते, तरी तो कंगवा फिरवत राहिला. ऊन फरशीवरून खुर्चीच्या पायापर्यंत आलं होतं आणि त्याला वाटलं, आपण दोन शहरांच्या मधोमध कुठेतरी उभे आहोत.

पुढे पुढे बबडीला खुर्ची लागेना. ती शेंगा सोलताना बोलायची, जिन्यात येरझाऱ्या घालत बोलायची. आईनं खुणा करणं सोडलं.

एका रविवारी खारूचा फोन आलाच नाही. बबडी जराशी हिरमुसली, घड्याळाकडे बघत बसली. मग उठून बाबापाशी आली आणि हात पुढे केला.

"फोन दे. मीच लावते."

पलीकडे खारू धापा टाकत होती, मागे कोणीतरी हसत होतं.

"कोण गं ती?" बबडीनं विचारलं. "वेणी दाखवायला सांग तिला!"