बर्फाच्या गाडीची हनुवटी

मित्रांनो, मी एका जुन्या पिकअप गाडीचा एअर डिफ्लेक्टर आहे. थांबा, थांबा, पान उलटू नका! नाव जड असलं तरी मी अगदी साधा आहे. गाडीच्या पुढच्या बंपरखाली एक काळा, वाकलेला प्लास्टिकचा पट्टा असतो ना, जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच? तोच मी. मी हेडलाइटसारखा चमकत नाही की हॉर्नसारखा ओरडत नाही, त्यामुळे माझ्याकडे कुणाचं लक्षच जात नाही. पण माझी गोष्ट ऐकाल तर गाडीखाली वाकून बघितल्याशिवाय राहणार नाही, पैज लावा!

काळ्या मण्यांसारखे दाणे वितळवून मला साच्यात घडवलं. बाहेर आलो तेव्हा अंग अजून कोमट होतं आणि छाती मात्र पुढे! मग मला बंपरखाली बोल्टांनी घट्ट बसवलं आणि गाडी पहिल्यांदा हमरस्त्यावर सुटली. अहाहा! काय सांगू तुम्हाला! समोरून वारा बेफाम धावत आला, गाडीच्या पोटाखाली घुसणार तोच माझ्यावर आपटला आणि दोन्ही बाजूंना वळला. माझं काम एवढंच, वाऱ्याला खालून जाऊ द्यायचं नाही. वारा खाली कोंडला, तर रेडिएटरमधून निघणाऱ्या गरम हवेला बाहेर पडायला वाट उरत नाही. मी असलो की ती सुळ्ळकन निघून जाते आणि इंजिन थंड राहतं.

आमची गाडी एका बर्फाच्या कारखान्यात कामाला लागली. कारखाना घरचाच. थोरला भाऊ कारखाना बघायचा आणि धाकटी बहीण गाडी चालवायची. त्यांच्या मधल्या भावाची शाळकरी मुलगी भिंगरी सुट्टी लागली की गाडीतच मुक्काम ठोकायची. ती त्यांना काका आणि आत्या म्हणायची, म्हणून मीही तेच म्हणतो. बर्फाच्या लाद्या आणि चुरा भरायचा, हमरस्ता धरायचा आणि बंदरावर बोटींना पोचवायचा, हे आमचं काम. भरती आली की बोटी समुद्रात जायच्या, आणि बर्फाशिवाय मासळी टिकणार कशी? आत्याची गाडी फाटकात शिरली की बंदरावरची माणसं हात हलवायची. माझं नाव कुणी घेत नसे, पण मी मनातल्या मनात सलाम घेऊन टाकायचो.

एकच भानगड होती. कारखान्याच्या दारात बर्फ भरायला सिमेंटचा चढ होता आणि त्याची कड उंच होती. गाडी चढली की माझं पोट घासायचं. खर्रर्रर्र!

"आलं वाटतं विमान!" लाद्या उचलणारे कामगार हसायचे.

काकांना मात्र तो आवाज सहन होत नसे. एके दिवशी ते पाना घेऊन गाडीखाली शिरलेच.

"दादा, कशाला काढतोस? कंपनीनं उगीच लावलंय का?" आत्या म्हणाली.

"शोभेचं आहे गं ते! प्लास्टिक काढलं म्हणून गाडी थोडीच रडणार आहे?"

माझे बोल्ट सुटले आणि मी धप्पकन खाली पडलो. मला फेकून देणार होते, पण भिंगरीनं झडप घातली. "काका, ही गाडीची हनुवटी आहे. मला पाहिजे!" तेव्हापासून मी हनुवटी झालो आणि मागच्या हौद्यात राहायला गेलो. भिंगरी मला दोन्ही हातांनी धरून बर्फाचा चुरा लोटायची. खरं सांगू? सुरुवातीला मजा आली. गारेगार बिछाना, वर ताडपत्री आणि पोटाला घासणं नाही!

पण हमरस्त्यावर माझ्या जिवाची घालमेल होऊ लागली. मागची काच उघडी असायची, म्हणून पुढचं सगळं बोलणं मला ऐकू येई.

"आत्या, इंजिनाच्या तापमानाची सुई लाल रेघेवर आलीय!"

"बघतेय. स्टिअरिंगपण कसं हलकं लागतंय, गाडी नाक उचलून धावल्यासारखी."

गाडी बाजूला घ्यावी लागली. पुढे इंजिन उकळत होतं आणि मागे बर्फ घळाघळा रडत होता. आम्ही उशिरा बंदरावर पोचलो, तेव्हा सर्वांत मोठ्या बोटीची मालकीण कमरेवर हात ठेवून उभी होती.

"काय गं, बर्फ आणलास की अंघोळीचं पाणी?"

आत्याचा चेहरा एवढासा झाला. पुढच्या फेरीला तीच गत. डिझेलही जास्त पिऊ लागली गाडी. मेकॅनिकनं रेडिएटर धुतला, पाणी बदललं, गल्लीबोळातून गाडी फिरवून आणली. सुई जराही वर चढली नाही.

"गाडी ठणठणीत आहे," तो म्हणाला. तो तरी काय करणार! गल्लीत वेग नाही, वेग नाही तर वारा नाही, आणि वाऱ्याचीच तर सगळी गोम होती. हौद्यात पडल्यापडल्या मी ओरडत होतो, "अरे, मी! मला लावा!" पण प्लास्टिकचं ऐकतो कोण?

काका आत्याला म्हणाले, "गाडी बरी आहे, चालवण्यातच खोट आहे. उद्याच्या फेरीला मी सोबत येतो. गाडी तापून बर्फ गेला, तर किल्ली माझ्याकडे द्यायची. एक ड्रायव्हर बघून ठेवलाय मी."

ही गाडी शिकण्यासाठी आत्यानं किती बोलणी खाल्ली होती! "तू चालवणार? मग आम्ही पायीच जातो," म्हणणारे सगळे आता तिच्या मागे बसून जात होते. आणि ती किल्ली आता जाणार होती, माझ्याशिवाय धावल्यामुळे!

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. पुढे आत्या, मध्ये भिंगरी, कडेला कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले काका, आणि हौद्यात बर्फावर मी. हमरस्ता लागला आणि भिंगरी ओरडली, "चढतेय, चढतेय!"

"बघ! क्लच दाबून ठेवत असशील," काका म्हणाले.

"दादा, पाय बघ माझा. क्लचवर आहे का?"

तेवढ्यात पुढे गवत भरलेला एक ट्रॅक्टर आडवा आला. आमची गाडी त्याच्या मागे रांगू लागली. आणि मित्रांनो, सुई हळूहळू खाली! ट्रॅक्टर वळला, गाडीनं वेग घेतला, सुई पुन्हा वर!

आत्यानं गाडी कडेला घेतली. "हळू चालवली की थंड आणि पळवली की गरम. वारा वाढल्यावर थंड व्हायला हवी ना? मग वारा जातोय कुठं?"

"इंजिनावर बर्फ ठेवूया?" भिंगरीनं विचारलं.

"खबरदार! तापलेल्या इंजिनावर बर्फ ठेवलास तर तडकेल ते. बर्फ ठेवायचाच तर तुझ्या काकाच्या डोक्यावर ठेव!" आत्या मग काकांकडे वळली. "दादा, हे सुरू होण्याआधी गाडीत काय बदललं?"

"काहीच नाही! एक स्क्रूसुद्धा नवा घातला नाही."

हीच तर गंमत होती. काय घातलं ते सगळे आठवत होते, काय काढलं ते कुणाच्या गणतीतच नव्हतं.

भिंगरी हौद्यात चढून मला लाद्यांवर आलेलं पाणी लोटायला उचलत होती. एकदम तिचे हात थांबले. "आत्या! घातलं नाही, पण काढलंय की! ही हनुवटी! ती काढल्यापासूनच गाडी तापायला लागली!"

आत्या उतरून खाली वाकली, बंपरखालची मोकळी जागा बघितली आणि टाळी वाजवली. "वारा इथून आत शिरतोय, दादा! बांधूया हिला!"

"ह्या प्लास्टिकनं इंजिन थंड होणार? मग माझ्या डोक्यालाही एक तुकडा बांध!"

"नंतर बांधते. आधी आडवा हो. तुझे हात लांब आहेत."

काका कुरकुरत आडवे झाले. कडक इस्त्रीचा शर्ट थेट धुळीत! बोल्ट नव्हते, म्हणून ताडपत्रीची दोरी माझ्या भोकांतून ओवली. भिंगरी गाठी मारत होती, आत्या ओढून बघत होती आणि मागे बर्फ टपटपत होता. इंजिन निवलं, गाडी सुटली.

आणि आला! माझा वारा आला! किती दिवसांनी छातीवर आपटला आणि मी पूर्वीसारखा त्याला दोन्हीकडे वळवला! दोऱ्या करकरत होत्या, मी थरथरत होतो, पण हललो नाही. वरून आवाज आला, "थांबलीय... सुई थांबलीय... आत्या, उतरतेय!" आणि ती पोरगी सीटवर उड्या मारायला लागली. काका पुढे वाकून सुईकडे टक लावून बसले होते.

बंदरावर पोचलो तेव्हा बोटींची इंजिनं सुरू झाली होती. बोटीच्या मालकिणीनं ताडपत्री वर केली, लादीवर चापट मारली आणि हसली. "आज बर्फच आहे! पण हा धुळीचा शर्ट कुणाचा गं?"

"माझ्या क्लीनरचा," आत्या म्हणाली.

काका हसले नाहीत. त्यांनी खिशातून फोन काढला, बघून ठेवलेल्या ड्रायव्हरचा नंबर लावला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "भाऊ, तुम्ही येऊ नका. आमच्याकडे ड्रायव्हर आहे. आणि चांगली आहे."

परत येताना काका मध्ये चेपून बसले आणि खिडकीची जागा भिंगरीला मिळाली. पुढच्या आठवड्यात गवंडी आला, त्यानं दारातल्या चढाची उंच कड फोडून गुळगुळीत केली. खरं तर आधीच एवढं केलं असतं तर झालं असतं! मला नवे बोल्ट मिळाले. माझा एक कोपरा दोरीनं कापला गेलाय, पण त्याचं मला काही वाटत नाही. दर सकाळी आत्या किल्ली फिरवण्याआधी खाली वाकते आणि मला हलवून बघते.

मित्रांनो, एखादी वस्तू खरखर करते म्हणून ती लगेच काढून टाकू नका. ती तिथं कशासाठी आहे, हे आधी विचारा, आणि कळलं नाही तर दोन दिवस थांबा. आणि गाडी बिघडली, की सगळ्यात आधी चालवणाऱ्या माणसाकडे बोट दाखवू नका. एकदा खाली वाकून बघा. तिथला माझ्यासारखा कुणी जागेवर नसेल, तर त्याला शोधून आणा. तो येईल, अगदी दोरीनं बांधलात तरी येईल!