काउंटरपलीकडची लेक

"अहो बाई, तुम्हाला ऐकू येतं की नाही? दुपारपर्यंत माणूस आला नाही, तर मी स्वतः तिथे येऊन बसेन!"

फोरमन फोनवर बोलत होते आणि शेजाऱ्यांनी मुकाट्याने आपल्या टीव्हीचा आवाज वाढवला. भांडण कसलं म्हणाल, तर वॉशिंग मशीन बिघडलं होतं. फोरमनचा सगळा जन्म छापखान्यात गेला. तिथे यंत्रांचा खडखडाट एवढा, की साधं 'शाई आण' म्हणायचं तरी गळ्याच्या शिरा ताणाव्या लागत. निवृत्तीच्या दिवशी यंत्रं छापखान्यात राहिली, आवाज मात्र त्यांच्याबरोबर घरी आला. गल्लीत त्यांच्या मागे त्यांना भोंगा म्हणत. हे त्यांना सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

दुपारी मशीनवाला खरंच आला.

"बघितलंस? आवाज चढवल्याशिवाय जगात काम होत नाही," फोरमन बायकोला म्हणाले. बायकोने मान डोलावली, कारण भिजलेले कपडे वाट बघत होते.

लेक मात्र जेवताना हळूच म्हणाली, "बाबा, फोन उचलते ती मुलगी मशीन बनवत नाही हो."

"पण पगार घेते ना? मग ऐकून घ्यायलाच हवं."

विषय संपला. वाचकहो, खरं सांगा, तुमच्या-आमच्या घरातही हा विषय असाच संपतो ना?

ही लेक एका विमान कंपनीत काउंटरवर होती. कंपनीची विमानं पिवळी, शेपटीवर एक चिमणी काढलेली. कंपनीचं खरं नाव कुणाच्याच लक्षात राहिलं नाही. लोक "चिमणीने आलो", "चिमणीने जातो" असंच म्हणायचे. भाडं इतकं कमी, की ज्यांनी विमान फक्त मान वर करून पाहिलं होतं, ती माणसं विमानात बसू लागली. शिलाई करणाऱ्या बायका, गवंडी, परीक्षेला निघालेली पोरं! आत खायला-प्यायला फुकट काही नाही. विमान उतरलं की हवाईसुंदऱ्या स्वतःच झाडू घ्यायच्या, आणि कधी कधी खुद्द वैमानिक म्हाताऱ्यांच्या पिशव्या वर ठेवायचा. एकदा एक आजी विमानाच्या दारात चपला काढून आत गेली. बाकीचे हसले. लेकीने त्या चपला उचलल्या, आत नेऊन आजीच्या पायाशी ठेवल्या आणि म्हणाली, "आजी, घर तुमचंच आहे, पण चपला बरोबर घेऊन जायच्या आहेत."

चिमणीची एक रीत होती. विमान निघालं, की खाली असलेले सगळे, सामान चढवणारे, मेकॅनिक, काउंटरवरचं जे मोकळं असेल ते, ओळीने उभे राहून हात हलवायचे. विमान वळून दिसेनासं होईपर्यंत हात खाली घ्यायचा नाही. "पाहुणा वळणापार जाईपर्यंत आपण दार लावतो का?" मालकाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तेव्हा मालक कर्मचाऱ्यांच्या पंगतीत बसून जेवायचा.

फोरमन आणि त्यांची बायको पहिल्यांदा विमानात बसले, तेव्हा खिडकीतून त्यांना हात हलवणारी लेक दिसली. बायकोने पदर डोळ्याला लावला. फोरमननी मागच्या-पुढच्या सगळ्या प्रवाशांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "ती तिसरी, ती आमची!"

पुढे चिमणीला गरुड व्हायची हौस आली. मालकाने विमानांवर विमानं भाड्याने घेतली, लांबलांबची शहरं जोडली, तिकीट मात्र होतं तेवढंच ठेवलं. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे त्याला सांगणारं कुणी जवळ उरलं नसावं. त्यातच इंधन महागलं. विमानं ज्यांची होती, ते ती परत न्यायला लागले. पगार लांबले, उड्डाणं रद्द होऊ लागली. मालक कुठे दिसेना. लोकांना दिसत होत्या त्या फक्त काउंटरवरच्या मुली.

लेक उशिरा घरी यायला लागली. चेहरा स्वच्छ धुतलेला असायचा.

"दमलीस?" बाबा विचारत.

"हं."

एवढंच. फोरमनना वाटे, काम वाढलं असेल.

त्याच सुमारास फोरमन आपल्या थोरल्या बहिणीला आणायला दुसऱ्या शहरात गेले. अक्काच्या डोळ्याचं ऑपरेशन भावाच्या घरी राहून करायचं ठरलं होतं. आई लवकर गेल्यावर अक्कानेच त्यांना वाढवलं होतं. कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना चिमणीत पास मिळे, जागा रिकामी असली तर बसायचं. पास देताना लेक म्हणाली होती, "बाबा, पासाचा एकच नियम आहे. भांडायचं नाही."

परतीच्या दिवशी विमानतळावर पोहोचतात तो काय, उड्डाण रद्द! काउंटरपाशी ही गर्दी, आणि काउंटरवर एकटी एक मुलगी, पिवळा रुमाल गळ्यात बांधलेली, प्रत्येकाला हात जोडत होती. अक्काला खुर्चीवर बसवून फोरमन गर्दीत घुसले. तिकीट फुकटचं, रुबाब मात्र मालकाचा!

"काय चालवलंय काय तुम्ही? माझी म्हातारी बहीण तिथे बसलीय! तुम्हाला माणसं दिसतात की नाही?"

"सर, मी माफी मागते. दुसरी सोय होतेय का बघते, थोडा वेळ..."

"माफी? माफीत बसून घरी जाऊ का आम्ही? घरी काही शिकवलंय की नाही तुला? आई-बापांनी हेच वळण लावलं का?"

असं म्हणून त्यांनी पास काउंटरवर आपटला. मुलीने तो उचलला, कर्मचाऱ्याचं नाव वाचलं, आणि तिचा चेहराच बदलला.

"काका, तुम्ही... तुम्ही आमच्या ताईचे बाबा?"

फोरमनचा भोंगा मधेच बंद पडला.

"ताईनेच आम्हाला काम शिकवलं," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी तसंच होतं, पण आवाज आता घरच्यासारखा झाला होता. "तुम्ही इथे उभे नका राहू. आत्यांना घेऊन आत या."

तिने दोघांना मागच्या छोट्या खोलीत नेलं. तिथे कर्मचाऱ्यांच्या पिशव्या आणि एक चहाची किटली होती. दोघांच्या हातात चहा देऊन ती म्हणाली, "संध्याकाळच्या बसमध्ये दोन जागा सांगून ठेवते. आत्यांना खिडकीजवळची."

"तुझ्या ताईवरही... म्हणजे तिथेही लोक असंच बोलतात का?" फोरमननी विचारलं. आवाज इतका खाली गेला होता, की तो त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही.

"रोज, काका. परवा तर एकाने तिच्या अंगावर पाणी फेकलं. तिने तसंच ओल्या कपड्यात सगळ्यांचं काम केलं. मग चेहरा धुऊन घरी गेली. घरी कळू द्यायचं नसतं तिला." मुलगी किंचित हसली. "पण फोनवर आम्हाला हसवते ती. म्हणते, 'अगं, माणूस ओरडायला लागला ना, की मला घरची आठवण येते.'"

तिला वाटलं, काका हसतील. फोरमन हसायला गेलेही, पण हसू काही आलं नाही. मुलगी पुन्हा काउंटरवर गेली.

अक्काने चहाचा कप खाली ठेवला. डोळ्यांना कमी दिसत असलं, तरी कान शाबूत होते.

"बाहेर तो तूच ओरडत होतास ना रे?"

"अक्का, पण विमान रद्द झालं! बोलायचं नाही का माणसाने?"

"बोलायचं ना. पण विमान काय ह्या पोरीने रद्द केलं? ज्याने बुडवलं तो तुझ्या हाताला लागत नाही, आणि ही समोर उभी आहे. वड्याचं तेल वांग्यावर काढायचं, आणि वर त्याला रोखठोकपणा म्हणायचं!"

"ओरडलं की काम होतं, हा माझा अनुभव आहे. आमचं वॉशिंग मशीन तसंच तर दुरुस्त झालं."

"होतं की. कपडे धुऊन होतात, मशीन दुरुस्त होतं. पण पलीकडे कुणाची तरी लेक चेहरा धुऊन घरी जाते. तुझी जाते, तशीच." अक्काने हात चाचपडत त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. "आई-बापाचं वळण काढलंस तू तिचं. तुझ्या लेकीला कुणी हेच विचारलं, तर ती काय सांगेल रे?"

फोरमनच्या हातातला चहा निवून गेला. अंगावर पाणी पडलेली लेक त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. आपल्यासारखाच कुणीतरी चांगला घरंदाज, वयस्कर माणूस असेल तो! घरी जाऊन त्यानेही बायकोला सांगितलं असेल, "चांगलं सुनावलं!"

ते उठले आणि बाहेर आले. काउंटरवर एक गृहस्थ बॅग आपटत होता. फोरमन थेट मुलीसमोर गेले आणि सगळ्यांदेखत हात जोडले.

"पोरी, मघाशी मी बोललो ते चुकलं माझं. मला माफ कर."

मग त्यांनी गर्दीकडे तोंड वळवलं. छापखान्यातला तो आवाज पुन्हा एकदा पूर्ण ताकदीने बाहेर पडला, "मंडळी! हळू बोला! विमान हिने थांबवलेलं नाही! ओळ लावा, म्हातारे आणि लेकुरवाळ्या पुढे!"

हळू बोला म्हणून एवढ्या मोठ्याने ओरडणारा माणूस लोकांनी पहिल्यांदाच पाहिला. कुणीतरी खुदकन हसलं. पण ओळ लागली. मुलीने रुमालाने डोळे पुसले आणि पुढच्या माणसाचा कागद हातात घेतला.

दुसऱ्या दिवशी लेक कामावरून आली, तेव्हा बाबा दारातच उभे होते. चेहरा धुतलेला होता, तो त्यांनी आज नीट पाहिला.

"आज कुणी ओरडलं का गं?"

"छे! कोण ओरडणार?" ती सवयीने म्हणाली.

"मी ओरडलो. काल, तुझ्या मैत्रिणीवर. माफी मागून आलोय." ते थांबले. "तुला म्हणे, माणूस ओरडला की घरची आठवण येते."

"बाबा, ते मी आपलं गमतीत..."

"गमतीत का होईना, खरं बोललीस. इतके दिवस बाहेर रडून घरी येत होतीस. हे घर रडण्यासाठीही आहे गं."

ती तिथेच, पायातल्या चपलांसकट, उंबऱ्यावर बसली आणि पोटभर रडली. फोरमन शेजारी बसून राहिले. ते तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. तेवढं पुरलं.

चिमणी काही वाचली नाही. शेवटचं विमान निघालं, त्या दिवशी कर्मचारी बोलावणं नसताना गोळा झाले आणि ओळीने उभे राहिले. मालक आला नव्हता. कुंपणाबाहेर फोरमन, त्यांची बायको आणि ऑपरेशन झालेली, काळा चष्मा लावलेली अक्का उभी होती. पिवळं विमान वळून दिसेनासं होईपर्यंत आतल्या लेकींनी हात खाली घेतला नाही. मग बाहेरच्यांनीही घेतला नाही.

बंधू-भगिनींनो, कंपन्या उभ्या राहतात आणि बुडतात. त्यांचे हिशोब करायला मोठी माणसं आहेत. आपल्या हातात एवढंच आहे, की काउंटरपलीकडे, फोनच्या पलीकडे जो कुणी उभा आहे, तो कुणाच्या तरी घरचा आहे हे विसरायचं नाही. तक्रार जरूर करा, हक्काने करा. पण जो सापडला त्याच्यावर तोंड टाकू नका. आपण बाहेर जसं बोलतो, तसंच कुणीतरी कुठेतरी आपल्या लेकराशी बोलत असतं!

फोरमनच्या घरचं वॉशिंग मशीन पुन्हा बिघडलं. या वेळी ते फोनवर म्हणाले, "सवडीने पाठवा, ताई." माणूस चार दिवस उशिरा आला. तोवर फोरमननी स्वतः बादलीत कपडे धुतले, आणि बायकोने ती गोष्ट गल्लीभर सांगितली.

लेकीला पुढे परगावी एका दवाखान्याच्या काउंटरवर नोकरी लागली. एका संध्याकाळी तिचा फोन आला.

"बाबा, आज एक आजोबा आले होते. बराच वेळ ताटकळले बिचारे. मला वाटलं, आता ओरडणार. तर हळूच म्हणाले, 'पोरी, तू जेवलीस का?'"

"मग?" फोरमननी विचारलं.

"मग काय बाबा," ती म्हणाली, "घरची आठवण आली."