चौथा ट्रॅक

मी सिद्धोधनच्या तोंडावर दुसरा फटका मारला तेव्हा त्याचा ओठ फुटला. रक्त लॅपटॉपवर उडालं. त्यानं हात वर केला नाही.

"तू बाहेर टपरीवर व्हतास म्हणलास," मी ओरडलो. "पोलिसाला बी तेच सांगितलंस. मग ह्यो आवाज कुठून आला?"

लॅपटॉपमधून माझ्या बायकोचा आवाज येत होता. 'सिद्धू, लांब सर. पट्टा हाय.' मग नुसतं 'लांब सर... सर... सर', रिकाम्या विहिरीत बोलल्यासारखं.

सुकेशनी सेलूच्या एका जिनिंगमध्ये अठरा वर्षं मशीनवर कापूस लोटायची. नऊ महिन्यांपूर्वी तिचा पदर पट्ट्यात गेला. मशीन थांबेपर्यंत पट्ट्यानं तिला तीनदा लोखंडी खांबावर आपटलं. मी तेव्हा मानवतला एका वरातीत सॅक्सोफोन वाजवत होतो. आलो तेव्हा मला तिचे फक्त पाय दाखवले.

सिद्धोधन आमचा एकुलता एक मुलगा. पुण्यात एका स्टुडिओत काम करतो. त्यानं डब आणि जॅझचा स्वतःचा अल्बम केला. सहा ट्रॅक, गाणं एकही नाही. फोनवर त्यानं समजावलं होतं, "बाबा, डब म्हंजी एकेक आवाज काढून घ्यायचा आन् उरलेला घुमवायचा. जॅझ म्हंजी नवरदेवाचे दोस्त पिऊन पडल्यावर तुमी मनानं वाजवता ना, ते." माझं वाजवणं त्यानं गेल्या वर्षी घरीच भरून नेलं होतं. आज दुपारी ऐकवायला आला. मी हो म्हणालो की अल्बम बाहेर काढणार होता.

तीन ट्रॅक मी डोळे मिटून ऐकले. चौथ्यात जिनिंगची मशीन सुरू झाली, तिच्यावर माझा सॅक्सोफोन, आणि मग ती.

"बोल," मी त्याची गचांडी धरून त्याला भिंतीवर आपटलं.

शेजारचे भगवानराव दारात आले. "लिंबाजी, पोरगं मरंल की! सोड त्याला."

"मरू द्या. तुमी घरी जावा."

ते गेले नाहीत, आतही आले नाहीत.

सिद्धोधन भिंतीला टेकून खाली बसला. "मशीनचा आवाज भरायला गेलो व्हतो. कानाला हेडफोन व्हता. आई मागून वरडली ते मला ऐकू आलं, बाबा. मशीनमधी तिचा आवाज लय भारी बसला. वाटलं, अजून एकदा वरडावं तिनं. म्हणून वळलो न्हाई."

"मग?"

"मग ती मला वढायला आली."

मी पाण्याचा तांब्या उचलला. त्याचं डोकं माझ्यासमोर होतं आणि तो ते झाकत नव्हता. मी तांब्या फरशीवर आपटला. पाणी सगळीकडे झालं.

"पुढचं लाव."

"पुढचं मी कापलंय."

"तुझ्याकडं असंल सगळं. लाव."

"नको, बाबा."

"लाव म्हणलं ना!"

त्यानं लावलं. आधी पट्ट्याचा आवाज. पट्ट्यात गेल्यावर ती ओरडली नव्हती. मग मशीन थांबली आणि नंतरची अकरा मिनिटं तो एकटाच. आई, आई. मध्ये कुणीतरी म्हणत होतं, 'सोड तिला, हात सोड.' त्यानं सोडला नव्हता.

मी पंचा ओला करून त्याच्या ओठावर धरला.

"ह्ये कापलेलं कुणाला ऐकवू नको," मी म्हणालो.

"न्हाई."

"चौथा राहू दे. फकस्त माझं वाजवणं काढ त्यातून."

"काढल्यावर नुसती मशीन आन् आईच राहती, बाबा."

"तिच्यावर मी वाजवणार न्हाई."

त्यानं एका हातानं पंचा ओठावर दाबून दुसऱ्या हातानं माझं वाजवणं काढलं. भगवानराव अजून दारातच उभे होते. मी त्यांना आत बोलावलं, खुर्ची दिली. चौथा ट्रॅक आम्ही पहिल्यापासून ऐकला. ती 'लांब सर' म्हणाली तेव्हा भगवानरावांनी पाय मागे घेतले.