सिंहिणीचा मुका

तर ऐका, छायाच्या पोटात त्या दिवशी जी आग पेटली ना, ती सप्टेंबरच्या धो धो पावसानंबी विझेना.

झालं असं, की तिची जिवाभावाची मैत्रीण अश्विनी सहा महिन्यांसाठी शिकायला गेलेली. कुठं? तर पार स्पेनमध्ये, कॅटलोनियातल्या जिरोना नावाच्या शहरात. इकडं हिर्डोशी गावात अश्विनीची आई पारूबाई एकटी. त्यांच्याकडं साधा बटणांचा फोन, म्हणून दर रविवारी दुपारी छाया त्यांच्या पडवीत येऊन बसायची आणि तिच्या मोबाईलवर मायलेकींची भेट व्हायची.

त्या रविवारी तिकडंबी पाऊस. अश्विनी व्हिडिओवर व्हिडिओ धाडत होती. ओल्याचिंब दगडी गल्ल्या, नदीला चिकटून उभी लाल-पिवळी घरं, छाती दडपेल एवढ्या पायऱ्यांचं चर्च. आणि प्रत्येक व्हिडिओत कोण? नूरिया! तिकडची नवी मैत्रीण. दोघी एका छत्रीत! एसटी चुकली की आपण दोघी अशाच एका छत्रीतनं घरी यायचो, आणि आता त्या छत्रीत ही बया घुसली?

पुढच्या व्हिडिओत खांबावर चढणारी एक दगडी सिंहीण. तिच्या ढुंगणाचा मुका घेतला की माणूस त्या गावात परत येतंच म्हणे. अन् अश्विनी चढली की खांबापाशी ठेवलेल्या पायऱ्या! घेतला की मुका!

"म्हंजे हिला परत तिथंच जायचंय," छाया फणफणली.

त्यावर कडी म्हणजे हॉटेल. तिथं भाजलेल्या पावाला टोमॅटो चोळतात, वरनं तेल सोडतात, की झालं! अश्विनीनं पहिला तुकडा मोडला आणि दिला कुणाला? नूरियाला! अरे, पहिला घास एकमेकीला द्यायचा, हे या दोघींचं पहिलीच्या वर्गापासनं ठरलेलं. डबा कुणाचाबी असो. छायाच्या डोळ्यांत टचकन पाणीच आलं.

तेवढ्यात पारूबाई दुखरा गुडघा धरत चुलीपासनं उठून बाहेर आल्या. "छाये, लाव गं फोन. खेकड्याचं कालवण केलंय, तिला दावते."

"रेंज न्हाई, मावशी," छायानं दिलं ठोकून.

पारूबाईंनी तिच्याकडं जरा निरखून बघितलं. "हितं न्हाई ना? मग वर खिंडीत असंल." डब्यात कालवण-भाकरी घेतली, डोक्यावरनं प्लास्टिकचा कागद ओढला आणि निघाल्यासुद्धा.

"अवो मावशी, पाऊस बगा की किती!"

"त्याला काय, रोजचाच हाय."

वाट सगळी निसरडी. एका ठिकाणी पारूबाईंचा पाय सटकला, मटकन खाली बसल्या, पण डबा छातीशी घट्ट. छायानं पळत जाऊन त्यांना उठवलं. पुढं मग तिनं त्यांचा हात काही सोडला नाही.

खिंडीत फोन लागला. पारूबाईंनी झाकण उघडलं, वाफ आली, तशी तिकडनं अश्विनी ओरडली, "आई! मी हितं पाव-टोमॅटो खातीय आन् तू मला नांग्या दावतीस व्हय!"

छायाला राहवलं नाही. "मग ऱ्हा की तिथंच. मुका घेतलास न्हवं?"

"दोन घेतले, येडे! एक माझा, एक तुझ्या नावाचा. मी एकटी कशाला येऊ परत?"

"आन् पयला घास?"

अश्विनी हळूच म्हणाली, "त्यो चुकला माझा."

पारूबाईंनी भाकरी मोडली, कालवणात बुडवली आणि छायाच्या तोंडात घातली. "घे. हिचा घास आता तू खा."

"लगीच माझी जागा घेतलीस व्हय गं!" अश्विनी तिकडं जळफळली. मग काय, छायानं मोबाईल जवळ धरून सावकाश, एक एक बोट चाटून दाखवलं.

उतरताना छाया पुटपुटली, "मावशी, खाली रेंज व्हती."

"ठावं हाय. तुज्या फोनातला सगळा कालवा चुलीपर्यंत येत व्हता."

"मग गुडघा दुखतोय तरी चढलात कशाला?"

"तुला चढवाया. रागानं भरलेलं माणूस चढणीला लागलं, की निम्मं रिकामं व्हतं."

"आन् निम्मं?"

"ते ऱ्हाऊ दे, नूरियासाठी."